पाहुण्याच्या डोळ्यात भरलेला

चिरखाल, १४ नोव्हेंबर २००५

शुएब, सलाम.

अभिनंदन. हा शब्द आधीच लिहून टाकतो, म्हणजे नंतर राहून गेला असं व्हायला नको. पीटर्सबर्गला तू त्या दोन मीटर उंच माणसाला तिसऱ्या फेरीत आडवा केलास आणि बिननियमांच्या लढतीतला सगळ्या रशियाचा पट्टा कमरेला बांधलास, हे गावातल्या बकऱ्यांनाही माझ्याआधी कळलं. मोबाइलला रेंज फक्त कब्रस्तानाच्या टेकडीवर येते, त्यामुळे त्या संध्याकाळी अर्धं गाव मेलेल्यांच्या उशाशी उभं होतं. मी गेलो नाही. मला थंडी वाजत होती.

तेव्हापासून माझं नाव गेलं. मी आता शुएबचा भाऊ. दुकानात गेलो की दुकानदारीण तांदूळ तोलता तोलता विचारते, "शुएबचा भाऊ ना तू? सकाळी काय खातो रे तो?" जसं काही तिला तुझ्याशी कुस्ती धरायची आहे. गेल्या आठवड्यात गावच्या मंडळींनी ठरवलं की तालमीला तुझं नाव द्यायचं. ठरवलं त्यांनी आणि रंगाचा डबा दिला माझ्या हातात, कारण गावात अक्षर माझं चांगलं. पाच वर्षं मी त्या तालमीत पोरांना डाव शिकवतोय, छप्पर गळलं की मीच वर चढतो, आणि दारावर नाव तुझं. रंगवलं. शेवटचं अक्षर जरा बारीक आलंय. तुझं नाव लांब नाही, पण दारच अरुंद.

आता खरं बोलतो. माझ्या पोटात दुखतंय. औषधाने जाईल असं हे दुखणं नाही. पंधरा वर्षांचा होईपर्यंत मी तुला अंगणात रोज चीत करत होतो. तू मला पाडल्याचं एकदाच आठवतं आणि त्या दिवशी मला ताप होता. मग बाशिर वस्ताद शहरातून, मखाचकल्याहून आले, त्यांनी आपल्या दोघांना खेळताना पाहिलं, आपल्याकडे जेवले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या जीपमध्ये तू बसला होतास. आत बोलणं झालं तेव्हा मी बाहेर त्यांच्या जीपच्या रेडिएटरमध्ये पाणी भरत होतो. आत काय ठरलं ते मला कुणी सांगितलं नाही. एवढंच कळलं की तू त्यांच्या डोळ्यात भरलास.

नऊ वर्षं मी एकच प्रश्न चघळतोय. त्यांना तुझ्यात असं काय दिसलं, जे माझ्यात नव्हतं? तुला माहीत असेल तर लिही. आता पट्टा आहे तुझ्याकडे, तुला खरं बोलणं परवडेल.

आई बरी आहे. वडील बरे आहेत. यंदा जर्दाळू कमी.

सायपुला

*

मखाचकला, २ डिसेंबर २००५

सायपुला, सलाम.

तुझ्यासारखं दोन पानं लिहायला बसलो तर मला लढतीपेक्षा जास्त घाम येईल. म्हणून थोडक्यात.

तो माणूस दोन मीटर नव्हता. एक मीटर शहाण्णव. सकाळी मी मीठ न घातलेली ओटची लापशी खातो. दुकानदारणीला सांग आणि तिलाही खायला सांग, मग विचारणार नाही.

तालमीवर नाव नको होतं. मला कुणी विचारलं नाही.

वस्तादांना माझ्यात काय दिसलं ते मला विचारू नकोस. राहू दे ते.

मिनीबसवाल्या हसनबरोबर काकूला कापड पाठवतोय. निळं आहे, तिला आवडतं तसं. तिच्या हातचं उर्बेच, जर्दाळूच्या बियांचं ते वाटण, पाठव. इथे बाजारात मिळतं त्यात साखर घालतात आणि जर्दाळूच्या बिया भाजतही नाहीत नीट.

एक विचारायचं होतं. काका काही म्हणाले का? लढतीबद्दल किंवा पट्ट्याबद्दल. नुसतं 'बरं' म्हणाले असतील तरी लिही.

शुएब

*

चिरखाल, १९ जानेवारी २००६

शुएब, सलाम.

वडील काही म्हणाले नाहीत.

कापड पोचलं. आईने ते शिवून अंगात घातलं आणि शेजारच्या तिन्ही घरांत चाळण मागायला गेली. आपल्या घरात दोन चाळण्या आहेत. उर्बेच हसनबरोबर पाठवलंय. वाटेत त्याने बोट घातलं नसेल तर डबा भरलेला मिळेल.

माझी एक मजा सांगतो. तुला हसू येईल, हस. डिसेंबरात मी तावुसला मागणी घालायला गेलो. हो, तीच, झऱ्यावरच्या घरातली. मामांना बरोबर घेतलं, नवी टोपी घातली, वडिलांचे बूट घातले. तिच्या बापाने आम्हाला बसवलं, उकडलेल्या कणकेचे खिंकाल वाढले, लसणाचं पाणी वाढलं, दोनदा आग्रह केला. मी म्हटलं, काम झालं. मग हात पुसता पुसता तो म्हणतो, "मुलगा चांगला आहे हो तुमचा. पण ते शुएबचं कुठे ठरलंय का?" मामांना ठसका लागला. मी त्यांच्या पाठीत थापट्या मारत बसलो, म्हणजे निदान हाताला काम होतं.

तावुस आत होती. तिने ऐकलं असणारच. मी तेव्हापासून झऱ्याच्या वाटेने जात नाही, लांबून वळसा घालतो.

तू काही केलेलं नाहीस हे मला कळतं. तू इथे नसतानाही माझ्यापुढे उभा असतोस, एवढाच तुझा गुन्हा. वस्तादांनी त्या दिवशी माझ्याकडे बोट दाखवलं असतं तर आज तू भिंतीचे दगड रचत असतास आणि तावुसच्या बापाने तुला विचारलं असतं, सायपुलाचं कुठे ठरलंय का. हे लिहिताना बरं वाटतंय. काय करू?

सायपुला

*

मखाचकला, ६ मार्च २००६

सायपुला, सलाम.

तावुसच्या बापाला सांग, शुएबचं ठरलंय आणि मुलगी त्याच्या मुलीपेक्षा जाड आहे. म्हणजे तो गप्प बसेल. खरं तर काही ठरलेलं नाही.

वीस मेला मॉस्कोला लढत आहे, पट्ट्यासाठी. पेर्मचा प्लातोन झुयेव. माणूस शांत आहे, घाई करत नाही, समोरच्याची चूक होईपर्यंत थांबतो. मला असे लोक आवडत नाहीत.

तू ये. माझ्या कोपऱ्यात बस. तिकीट, राहणं, सगळं इथून होईल. वस्तादांनीच सांगितलं, "थोरल्याला आण." ते तुला अजून थोरला म्हणतात.

काकांनाही विचार. ते येणार नाहीत हे माहीत आहे, पण विचार, आणि काय म्हणाले ते लिही.

शुएब

*

चिरखाल, २३ एप्रिल २००६

शुएब, सलाम.

उशीर झाला. वाटेवर दरड कोसळली होती, दहा दिवस मिनीबस खाली अडकली होती. हे कारण खरं आहे, पण उशीर त्यामुळे झाला नाही.

मी येत नाही. वस्तादांना म्हणावं, थोरला नऊ वर्षांपूर्वी जीपमध्ये मावला नाही, आता कोपऱ्यात कसा मावेल? तुझा घाम पुसायला, बाटली धरायला आणि टीव्हीवर 'हा शुएबचा भाऊ' म्हणून दिसायला माणूस हवा असेल तर मॉस्कोत पुष्कळ मिळतील. मला दया दाखवू नकोस. दया मला चालत नाही, तिच्यापेक्षा माझी पोटदुखी बरी.

वडिलांना विचारलं. ते म्हणाले, "भिंत कोण बांधेल?" तेवढंच.

इकडे पाहुणा येऊन गेला. रोदिओन नावाचा पत्रकार, मॉस्कोचा. चॅम्पियनचं गाव बघायचं होतं त्याला. दोन दिवस आपल्याकडे राहिला, आईने कोकरू कापायला लावलं. पाहुणा येणार कळल्याबरोबर तिने तांब्याची घागर पलंगाखाली ढकलली होती, कारण पाहुण्याने घरातली वस्तू वाखाणली की ती त्याला देऊन टाकायची, आणि वडील या बाबतीत कुणाचं ऐकत नाहीत. तो पशुवैद्य नुसता 'छान घोडा आहे' म्हणाला तेव्हा काय झालं ते तुलाही आठवत असेल. पण या रशियन माणसाची नजर गेली भिंतीवर. आपला दोघांचा अंगणातला कुस्तीचा फोटो होता ना, मी वर आणि तू खाली, त्याच्यासमोर उभा राहून म्हणाला, "काय सुंदर फोटो आहे." झालं. मी खिळ्यावरून काढून त्याच्या हातात ठेवला. तो बिचारा नको नको म्हणत होता. वडील म्हणाले, "घे. परत केलंस तर देणाऱ्याचं तोंड काळं होतं." त्याने घेतला.

भिंतीवर आता नुसता चौकोन राहिलाय. लढतीसाठी दुआ करीन, ती इथूनही पोचते.

सायपुला

*

मखाचकला, ११ जून २००६

सायपुला, सलाम.

तुला कळलंच असेल. दुसरी फेरी, एक मिनिट चाळीस सेकंद. डावा खांदा निखळला, आतलं काहीतरी फाटलं, डॉक्टरांनी टाके घातले. पट्टा पेर्मला गेला. मी पट्टीत आहे. लापशी खातोच आहे, आता कुणासाठी ते माहीत नाही.

झुयेव असा लढत नाही. तो थांबणारा माणूस. यावेळी थांबला नाही. पहिल्या मिनिटापासून माझा डावा हातच शोधत होता. मिळाला तसा पाठीमागे वळवून वर नेला. जणू घरातल्या कुणी दिवा धरून त्याला वाट दाखवली होती.

वस्तादांचा संशय तेमिरलानवर आहे. तो माझ्याबरोबर सराव करतो, नोगाय जमातीचा आहे, गरीब माणूस आहे, दोन मुली आहेत. खांद्याचं सराव करणाऱ्यालाच कळणार, असं वस्ताद म्हणतात. त्याला तालमीतून काढलं. तो शपथा घेत होता, त्याचं कुणी ऐकलं नाही. मीही काही बोललो नाही.

काका काही म्हणाले का?

शुएब

*

चिरखाल, २० जून २००६

शुएब,

तेमिरलानला परत बोलवा. आज, आत्ता. हे पत्र वस्तादांना दाखव आणि बोलवा.

मी सांगितलं.

तो रोदिओन पत्रकार होता की झुयेवचा माणूस, की आधी एक आणि नंतर दुसरा, मला माहीत नाही. तो आला तेव्हा मला माहीत नव्हतं. पण त्याच्या आड लपत नाही. पहिल्या दिवशी त्याने तुझ्याबद्दल विचारलं, मी सगळ्यांना सांगतो तेच सांगितलं. दुसऱ्या दिवशी अंगणात चहा घेताना फोटो मांडीवर ठेवून म्हणाला, "यात तर तुम्ही वर आहात. मग तुम्ही का नाही झालात चॅम्पियन?" शुएब, नऊ वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. आईने नाही, वडिलांनी नाही, तूही नाही. मी त्या माणसाच्या गळ्यातच पडायचा बाकी राहिलो. त्याने मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी फांदी फांदी करत शेंड्यापर्यंत गेलो.

मी म्हटलं, मी त्याला कसा पाडायचो ते बघायचंय? तू बाराव्या वर्षी जर्दाळूच्या झाडावरून पडलास, डावा खांदा निखळला, तो मीच दाबून बसवला, हे सांगितलं. तेव्हापासून तो हात पाठीमागून वर नेला की दुखायच्या आधीच तू अर्धा श्वास थांबतोस, आणि त्या अर्ध्या श्वासात तुझे पाय सैल पडतात, हेही सांगितलं. सांगून भागलं नाही, उठून त्याच्यावर तो डाव करून दाखवला. दोनदा. दुसऱ्यांदा त्यानेच मागितला.

तो गेल्यावर महिनाभर माझ्या हातात वेळ होता. टेकडीवर जाऊन एक फोन केला असता तर पुरे होतं. मी रोज ठरवत होतो, उद्या जाऊ. वीस मेला मात्र टेकडीवर सगळ्यांच्या आधी पोचलो. तू हरलास हे कळलं तेव्हा पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. एकाच क्षणी. पण वाटलं.

आणखी एक. पट्टा मिळाला तेव्हा वडील काही म्हणाले नाहीत असं मी लिहिलं, ते खोटं होतं. त्या संध्याकाळी ते टेकडीवर होते. उतरल्यावर त्यांनी हसनला विचारलं, "त्याला कुठे लागलं का?" मी ऐकलं आणि तुला कळवलं नाही, कारण तसं त्यांनी मला कधी विचारलेलं नाही.

आता तू काय करशील ते कर. गावाला सांग, मी ऐकून घेईन. आधी तेमिरलान.

सायपुला

*

मखाचकला, १७ जुलै २००६

सायपुला,

तेमिरलान माझ्या पलंगावर बसून माझीच द्राक्षं खातोय. त्याला कुणी काढलं नव्हतं. ते मी खोटं लिहिलं. मला ते तुझ्या तोंडून यायला हवं होतं.

मला लढतीच्या पिंजऱ्यातच कळलं होतं. झुयेवने हात धरला तेव्हा अंगठा वळवला नाही, बाहेर ठेवला. साऱ्या जगात अंगठा बाहेर ठेवून फक्त तू धरतोस. वस्ताद म्हणतात ही पकड चुकीची, हात सुटतो. तुझ्या हातून कधी सुटला नाही. त्याच्याही सुटला नाही. मला वाटलं, हा सायपुला. आणि मी आपल्या अंगणात 'सोड' म्हणून आपटायचो तसा जमिनीवर हात आपटला.

मी रागावलो. तीन आठवडे. तुला लिहायला घेतलेली दोन पत्रं तेमिरलानने फाडली. आता तुझ्या प्रश्नाचं उत्तर देतो. नऊ वर्षं दिलं नाही, कारण दिलं की तू जिंकतोस.

त्या दिवशी तू बाहेर होतास. मी आत पाहुण्याच्या हातावर पाणी घालत होतो. वस्ताद हात पुसत काकांना म्हणाले, "दिबीर, तुझा थोरला काय पोरगा आहे. अशी पकड मी आजवर पाहिली नाही." थोरला म्हणजे तू. अंगठा बाहेर असूनसुद्धा. काका गप्प झाले. पाहुण्याने वाखाणलं, आता द्यायला हवं. मग त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला, मला पुढे केलं आणि म्हणाले, "डोळ्यात भरला ना? घेऊन जा. तुझा झाला."

वस्तादांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दिलेली वस्तू परत कशी करणार? दुसरी दे असं तरी कसं म्हणणार? जीप घाट उतरली. मग म्हणाले, "मी तुझ्याबद्दल बोललो नव्हतो रे. पण आता तू आहेस." मी चौदा वर्षांचा होतो. मला ओकारी आली, त्यांना वाटलं घाटामुळे.

तेव्हापासून रोज तू. डाव चुकला की, "थोरल्याने हे दोन दिवसांत उचललं असतं." जिंकलो की, "थोरला असता तर पहिल्याच फेरीत संपवलं असतं." मी ज्या माणसांशी लढलो ते सगळे सोपे होते. तू कधी समोर आलाच नाहीस.

तुझ्या पोटात दुखतं म्हणतोस. मी उन्हाळ्यात गावी येतो तेव्हा काका तुला ओरडतात, दगड वाकडा बसवलास म्हणून. मला ओरडत नाहीत. मला गादीवर बसवतात, आधी मला वाढतात. पाहुण्याला कोण ओरडतं? ते बघितलं की वाटतं, तो पट्टा कुणालाही द्यावा आणि काकांनी मला एकदा गाढव म्हणावं. बाप मेला तेव्हा मी चार वर्षांचा होतो, आई दुसऱ्या घरी गेली, मला तर वाटायचं मी तुमचाच. मग पाहुणा आला आणि कळलं, कोण घरचं आणि कोण देण्यासारखं.

'त्याला कुठे लागलं का' हे वाक्य मी दहादा वाचलं. पण दिलेल्या घोड्याचीही माणूस चौकशी करतो.

डॉक्टर म्हणतात, डिसेंबरात परत उतरता येईल. वस्ताद म्हणतात, तू ठरव. माझं ठरत नाही. इतकी वर्षं मी हे दाखवायला लढलो की काकांनी चूक केली, देऊ नये तो दिला. हरलो, म्हणजे त्यांनी बरोबरच केलं, कमी प्रतीचा होता तो दिला. मग आता कशाला उतरू?

तुला तुझं उत्तर मिळालं. तू सरस होतास.

शुएब

*

चिरखाल, १० ऑगस्ट २००६

शुएब, सलाम.

तुझं पत्र मला एकतीस जुलैला मिळालं. झऱ्याच्या वाटेवर उभ्या उभ्या वाचलं. खोटं कशाला लिहू, वाचल्यावर मला आधी तुझं वाईट वाटलं नाही. आधी आनंद झाला, आणि तोही असा की पायाखाली वाट आहे की नाही कळेना. तुझं वाईट मला दुसऱ्या दिवशी वाटलं, आणि ते वाटत असतानाही मी मनात शीळ घालत होतो.

दुकानदारीण म्हणाली, शुएबचा भाऊ ना, मी म्हटलं, हो, आणि तिला तिच्या नातवाची खुशाली विचारली. तालमीच्या दारावरचं ते शेवटचं बारीक अक्षर मी पुन्हा नीट रंगवलं. आता माझं काय जात होतं? तावुसचा बाप दिसला, त्याला मीच आधी सलाम केला. आईला वाटलं माझं कुठेतरी जमलं, तिने दोनदा आडून विचारलं. भिंत रचताना मी गुणगुणत होतो आणि वडील वळून बघत होते.

आठव्या दिवशी मला राहवलं नाही. कागदावर वाचलेलं पुरत नाही, मला ते त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. जर्दाळूच्या वरच्या बांधावर आम्ही दोघंच होतो, ऊन चढत होतं. मी म्हटलं, "बाशिर वस्तादांनी त्या दिवशी कौतुक कुणाचं केलं होतं?"

त्यांनी हातातला दगड फिरवून पाहिला. "तुझं," म्हणाले.

"मग मला का नाही दिलंत?"

"तू बरा होतास."

"म्हणजे? बरा होतो म्हणून ठेवून घेतलंत?"

"बरा होतास," ते म्हणाले, "तो चांगला होता." आणि पुन्हा दगडाकडे बघायला लागले. मी तिथेच उभा राहिलो, हललो नाही, तेव्हा त्यांना पुढे बोलावं लागलं. तुला माहीत आहे, एका दमात इतकं ते वर्षभरात बोलत नाहीत. "तुझी पकड दिसायची. कुणालाही दिसली असती. पण तू पडलास की दोन दिवस जेवायचा नाहीस. तो रोज पडायचा, रोज उठायचा आणि तुझ्याच ताटात जेवायला बसायचा. पाहुण्याला काय, जे चकाकतं ते आवडतं. ते देऊन त्याला वाटेला लावणं सोपं होतं. माझ्या घरी आलेल्या माणसाला मी घरातलं सगळ्यात चांगलं देतो. ते माझ्या भावाचं होतं, त्याची एवढीच खूण माझ्याकडे उरली होती. तरी दिलं. तुझ्या आईने चाळीस दिवस माझ्याशी बोलणं टाकलं."

मी विचारलं, "मग त्याला हे कधी सांगितलं का नाहीत?"

"दिल्यावर किंमत सांगत बसतात का?"

"अहो, तो वस्तू नव्हता. तो ऐकत होता तिथे उभा राहून. आजही त्याला वाटतं, तुम्ही नको झालेलं दिलंत."

ते खाली बसले. भिंतीला टेकून, पाय पसरून, भर कामाच्या वेळी. मी त्यांना असं बसलेलं कधी पाहिलं नाही. म्हणाले, "तसं वाटतं त्याला?" आणि उन्हाकडे बघत राहिले. मग उठले आणि मला म्हणाले, वाकडा लावलायस तो, काढ. तो दगड त्यांनीच लावला होता.

हे तुला कळव असं त्यांनी मला सांगितलं नाही. ते सांगणारे नव्हेत आणि स्वतः लिहिणारे तर नाहीतच. म्हणजे हे फक्त माझ्याजवळ राहिलं. काल दिवसभर मी न लिहिण्याची कारणं शोधली. वाट खराब आहे, हसनची गाडी बिघडलीय, खांदा बरा होईपर्यंत थांबू. मी गप्प बसलो असतो तर तुला कधीच कळलं नसतं. तू तिकडे स्वतःला घोडा समजत पट्टी बांधून बसला असतास आणि मी इकडे मरेपर्यंत सरस राहिलो असतो. माझ्याशिवाय कुणाला माहीत नसतं, पण मला पुरलं असतं.

डिसेंबरात उतर. मी येतो. माझं पोट अजून दुखतंय, कालपासून तर जास्तच, आणि तुझ्या कोपऱ्यात बसूनही दुखेल. तरी येतो.

आठ दिवस मी तुझ्यापेक्षा सरस होतो, शुएब. फार चांगले दिवस होते.

सायपुला